ऐंशीच्या पुढची थरथर

पावसाळ्यात व्हील बॅलन्सिंगच्या दुकानांना सोमवारी सकाळी बरकत असते. रविवारी सह्याद्रीच्या कुशीत कुठेतरी चिखल तुडवून आलेल्या थार आणि जिमनी दारात उभ्या असतात. बाहेरून चकचकीत धुतलेल्या, आणि तक्रार बहुतेकांची एकच: "साठपर्यंत काही नाही. ऐंशीला स्टीयरिंग थरथरायला लागतं, नव्वदला तर हातात धरवत नाही." दुकानदार मान डोलावतो, चाकं काढतो, मशीनवर चढवतो, पन्नास-साठ ग्रॅमचे तुकडे चिकटवतो आणि पैसे घेतो. गाडी दोन दिवस सरळ चालते. तिसऱ्या दिवशी परत थरथर.

या गोष्टीत मशीनची चूक नाही. चाकात चिखल असताना मशीनने त्या चिखलासकट तोल साधून दिला. पुढे चिखल वाळला, अर्धा गळून पडला, आणि चिकटवलेली वजनं तेवढी उरली. चिखलातून आलेल्या गाडीला आधी पाणी लागतं, मशीन नंतर. गाडी धुतलेलीच होती की, असं मालक म्हणेल. धुतली होती ती बाहेरून. थरथर चाकाच्या आतल्या बाजूला बसलेली असते.

चाक म्हणजे टायर आणि रिम. रिमची आतली बाजू, म्हणजे गाडीच्या पोटाकडे तोंड करून असलेला भाग, एखाद्या खोलगट पिंपासारखी असते. गाडी चिखलात रुतली आणि चाक जागच्या जागी फिरलं, की चिखल त्या खोलगट भागात भरतो. गाडी बाहेर पडून डांबरी रस्त्याला लागली की बराचसा उडून जातो, पण सगळीकडून सारखा उडत नाही. एका बाजूला तळहाताएवढा थर राहतो. तिथे त्याचा आणि ब्रेकच्या उष्णतेचा सहवास सुरू होतो आणि तासाभरात त्याची वीट होते.

या विटेचं वजन शंभर ग्रॅम धरू. दोन-अडीचशे किलोमीटर धावायला निघालेल्या पावणेदोन टनांच्या गाडीला शंभर ग्रॅम म्हणजे काय? पण फिरणारी वस्तू बाहेरच्या बाजूला ओढ घेते आणि वेग वाढवावा तशी ती ओढ बेसुमार वाढते, हे गोफण फिरवणाऱ्या राखणदाराला शिकवावं लागत नाही. हिशेब करून पाहू. थारच्या 255/65 आर 18 मापाच्या टायरचा घेर साधारण अडीच मीटर. ताशी 80 किलोमीटरला ते चाक सेकंदाला 9 फेरे घेतं. मध्यापासून 20 सेंटीमीटरवर बसलेला शंभर ग्रॅम चिखल या वेगाला सुमारे साडेसहा किलोच्या जोराने चाकाला बाहेर ओढतो, आणि ही ओढ सेकंदाला 9 वेळा वर, पुढे, खाली, मागे अशी फिरत राहते. ताशी 40 ला हाच जोर दीड किलोच्या थोडा वर असतो. 100 ला दहा किलोच्या आसपास जातो. वेग दुप्पट झाला की ओढ चौपट, असं हे गणित आहे. बॅलन्सिंगवाला पाच-पाच ग्रॅमच्या तुकड्यांशी का खेळत बसतो, ते यातून कळावं.

आता यात आणखी एक भर पडते. चाक, हब, ब्रेक आणि ॲक्सलचा काही भाग हे सगळं स्प्रिंगच्या खाली लोंबकळणारं वजन. खाली टायर लवचीक, वर स्प्रिंग लवचीक, मध्ये हे वजन. त्याला स्वतःची अशी एक उड्या मारायची लय असते, बहुतेक गाड्यांत सेकंदाला 10 ते 15 वेळा. चाकाच्या फेऱ्यांची संख्या या लयीच्या जवळ आली की धक्क्यांना साथ मिळते आणि लहानसा तोल जाणंही मोठं वाटायला लागतं. वरच्या हिशेबातल्या चाकाचा वेग 90 ते 110 च्या मध्ये असला की नेमकं हेच होतं. कोणाची गाडी 95 ला सगळ्यात जास्त हलते आणि 115 ला शांत होते, ते यामुळे. ती शांतता मानू नये. लय टळली एवढंच. ओढ वाढतच असते आणि ती बेअरिंग आणि बॉल जॉइंट निमूटपणे सोसत असतात.

चिखल चिखलात फरक असतो, हे शेतकऱ्याला सांगायला नको, पण एसयूव्ही घेऊन शहरातून आलेल्याला सांगावं लागतं. कोकणातली जांभ्याची लाल माती दिसायला भयंकर, कपड्यांचा सत्यानाश करणारी, पण पाण्याच्या जोरदार धारेने बऱ्यापैकी निघते. तिच्यासोबत येणारे जांभ्याचे खडे मात्र रिमवर चिकटवलेली वजनं उडवतात. देशावरची काळी माती वेगळीच. बेसाल्टच्या झिजण्यातून झालेल्या या मातीत जो चिकणमातीचा अंश असतो, तो आपल्या पापुद्र्यांच्या मध्ये पाणी ओढून फुगतो. ओली असताना चाकाला गोळे धरते आणि वाळताना आक्रसून धातूला घट्ट आवळते. सोलापूर, लातूर, परभणीकडच्या पाणंदीतून पावसाळ्यात गाडी काढली असेल, तर चाकाच्या आतला थर किलोच्या हिशेबात असू शकतो. तो सुकल्यावर नळीच्या धारेला दाद देत नाही. आधी भिजवून अर्धा तास थांबावं, मग लाकडी काठीने किंवा लांब दांड्याच्या ब्रशने खरवडावं, मग धार सोडावी.

धुण्याची जागा नीट कळली पाहिजे. पुढची चाकं स्टीयरिंग पूर्ण वळवून उघडी करता येतात: एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. मागच्या चाकांसाठी खाली वाकून किंवा गाडी लिफ्टवर चढवून पाहावं लागतं. हात आत घालून पूर्ण घेर चाचपावा. डोळ्यांपेक्षा बोटांना इथे जास्त कळतं. वॉशिंग सेंटरचा पोरगा जोराची धार अगदी जवळून बेअरिंगच्या सीलवर किंवा ॲक्सलच्या रबरी बूटवर मारत असेल तर त्याला थांबवा. पाणी आत घुसवायचं हे काम आदल्या दिवशी ओढ्याने पुरेसं केलेलं असतं. थार आणि जिमनी दोघींच्या मागच्या चाकांना ड्रम ब्रेक आहेत. ड्रमच्या आत चिखल गेला असेल तर बाहेरून कितीही धुतलं तरी तो जात नाही, ड्रम काढावाच लागतो.

जाता जाता एक. हा चिखल आणायला लोक जातात कुठे, हेही पाहायला हवं. जुलैत मावळात आणि कोकणात चिखलणी चालू असते. ज्याला आपण रानातला मस्त चिखल समजतो, ते कुणाचं तरी भाताचं खाचर असतं आणि चाकाखाली जातो तो त्याचा बांध. माझ्या मते अशा चिखलातून आलेल्या गाडीला थरथर सुटली तर ती कमीच शिक्षा आहे.

आत चिखल उरला नाही अशी खात्री झाली, की गाडी पुन्हा मोकळ्या रस्त्यावर काढावी. बहुतेक वेळा प्रकरण इथेच मिटतं. मिटलं नाही, तर थरथरीकडे जरा कान आणि हात देऊन पाहावं, कारण ती कुठून येते ते ती स्वतः सांगत असते.

स्टीयरिंगच हलत असेल तर संशय पुढच्या चाकांवर. स्टीयरिंग स्थिर आणि बुडाखालची सीट किंवा पायाखालची फरशी हलत असेल तर मागच्या चाकांवर. हा नियम शंभर टक्के नाही, पण पहिलं बोट दाखवायला पुरतो. खात्री करायची तर एक जुनी युक्ती आहे: दोन्ही बाजूंची पुढची-मागची चाकं अदलाबदल करून पाहावीत. थरथर स्टीयरिंगवरून सीटखाली गेली तर दोष चाकातच आहे, आणि जागची हलली नाही तर तो चाकाच्या मागे कुठेतरी आहे. याला पाना, जॅक आणि अर्धा तास लागतो. अनेक गॅरेजांत याच्याआधी महागडे सुटे भाग बदलले जातात.

चाक दोषी ठरलं तरी चिखलाखेरीज त्याला बरीच कारणं असतात. चिकटवलेली वजनं खड्यांनी उडाली असतील; तशी जागा धुतलेल्या रिमवर गोंदाच्या चौकोनी डागावरून ओळखू येते. रिमला आतल्या कडेला पोचा आला असेल. टायरच्या बाजूला फुगवटा आला असेल, म्हणजे आतल्या दोऱ्या तुटल्या आहेत, आणि अशा टायरवर पुढे एकही किलोमीटर वेगाने जाऊ नये. मग चिखलासाठी कमी केलेल्या हवेचा प्रश्न येतो. पकड वाढावी म्हणून लोक हवा 18-20 पीएसआयपर्यंत उतरवतात, ते बरोबरही आहे. पण परत येताना भरायला विसरतात. शिवाय एवढ्या कमी हवेवर जोरात ॲक्सिलरेटर दाबला की रिम आतल्या आत फिरतं आणि टायर मागे राहतो. म्हणजे वजनं रिमवर होती तिथेच राहतात, पण टायरचा जड भाग दुसरीकडे सरकतो आणि आधी साधलेला तोल निरर्थक होतो. याला इलाज नव्याने बॅलन्सिंग हाच.

याच कमी हवेमुळे कधी कधी टायरची कड रिमवरून सुटते. तिथल्या तिथे हवा भरून ती परत बसवली जाते, सगळे टाळ्या वाजवतात, आणि आत कपभर गढूळ पाणी राहून गेलेलं कुणाच्या लक्षात येत नाही. हे पाणी फार त्रासदायक असतं. ते एका जागी बसत नाही, म्हणून थरथर कधी येते, कधी जाते, मशीनवरही दरवेळी वेगळा आकडा दिसतो. मशीन दोनदा चालवून दोनदा वेगळं उत्तर देत असेल, तर टायर उतरवून आत पाहायला सांगा.

आकारच बिघडलेला टायर मात्र मशीनला सापडेलच असं नाही. साधं मशीन वजन पाहतं, गोलाई नाही. त्यासाठी गॅरेजमधले जुने लोक खडू वापरत: चाक उचलायचं, खडू एका जागी घट्ट धरून टायरच्या अगदी जवळ न्यायचा आणि चाक हाताने फिरवायचं. खडूची रेघ सगळीकडे उमटली तर टायर गोल. एकाच तुकड्यावर उमटली तर तिथे उंचवटा आहे. फुकटातली आणि बिनचूक तपासणी.

चाकाची आणखी एक गोष्ट आहे, आणि या प्रकरणातली सगळ्यात धोकादायक तीच. रानात पंक्चर झालं, चिखलात बसून चाक बदललं. हबच्या सपाट तोंडावर चिखलाचा पापुद्रा होता, त्याच्यावरच रिम दाबून नट आवळले. त्या क्षणी घट्ट वाटतं. पुढे पापुद्रा वाळून भुगा होतो आणि नट ढिले पडतात. चाक किंचित वाकडं बसल्यामुळे आधी थरथर येते, मग हळू वेगातही खडखड ऐकू येते, आणि त्यानंतर जे होतं त्याचे फोटो आपण वर्तमानपत्रात पाहतो. चिखलातून आलेल्या गाडीला थरथर असेल, तर बाकी सगळा विचार करण्याआधी पाना घेऊन चारही चाकांचे नट तपासावेत. रानात चाक बदललं असेल तर ते काढून, दोन्ही बाजूंची तोंडं पुसून, समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळत पुन्हा बसवावं, आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर परत एकदा पाना लावावा.

चाकं निर्दोष निघाली, आता पुढे. थरथरीची जात बदलली आहे का ते पाहा. चाकाची थरथर एकेक धक्का वेगळा जाणवावा इतकी संथ असते. सेकंदाला आठ-दहा हेलकावे. त्याऐवजी पायाच्या तळव्यांना मुंग्या आल्यासारखी बारीक गुणगुण जाणवत असेल, तर नजर प्रोपेलर शाफ्टकडे वळवावी. गिअरबॉक्सकडून ॲक्सलकडे ताकद नेणारा हा लांब नळकांडा चाकापेक्षा कितीतरी जलद फिरतो. डिफरन्शियलचं गुणोत्तर 4 च्या आसपास असेल तर ताशी 80 ला चाकाचे 9 फेरे होतात तेव्हा शाफ्टचे 36 होतात. त्यामुळे शाफ्टवर वाळलेला चिखलाचा एक चपटा तुकडा, किंवा दगडावर घासून पडलेला पोचा, लगेच जाणवतो. शाफ्टला वेल्डिंगने लावलेलं लहानसं वजन निखळलं असेल तरी तेच. आणि शाफ्टच्या टोकांना जे युनिव्हर्सल जॉइंट असतात, ज्यांना गॅरेजमध्ये सरळ 'क्रॉस' म्हणतात, त्यांतलं ग्रीस चिखलपाण्याने धुऊन जातं. कोरडा पडलेला क्रॉस आधी गाडी सुटताना 'टक्' असा आवाज करतो आणि मग वेगात गुणगुणतो. ॲक्सिलरेटर दाबला की वाढणारी आणि सोडला की बदलणारी गुणगुण ही बहुधा त्याचीच. ग्रीस निपल असेल तर ताजं ग्रीस भरून पाहावं, खेळ आला असेल तर क्रॉस बदलावा.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. थार, जिमनी या गाड्यांत फोर व्हील ड्राइव्ह कायमचा नसतो, लीव्हरने लावावा लागतो. चिखलातून बाहेर आल्यावर लीव्हर परत टू-हायला आणला नाही, तर पुढची आणि मागची चाकं एकमेकांना बांधलेली राहतात. वळताना त्यांना वेगवेगळं अंतर कापायचं असतं, ते जमत नाही, आणि गाडी आखडल्यासारखी धक्के देत वळते. याला बॅलन्सिंगची गरज नाही. लीव्हरकडे एकदा बघा.

इंजिनाला उगाच दोष देऊ नये म्हणून एक चाचणी: त्याच वेगाला एक गिअर खाली किंवा वर करून पाहा. इंजिनाचे फेरे बदलले पण थरथर तशीच राहिली, तर इंजिन सुटलं. ती इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर बदलत असेल आणि गाडी उभी असतानाही ॲक्सिलरेटर दाबल्यावर येत असेल, तर रेडिएटरच्या पंख्याची पाती पाहावी. पंख्याच्या एका पात्यावर चिखल बसला तरी तो चाकासारखाच तोल घालवतो. तसंच, फक्त ब्रेक मारल्यावरच स्टीयरिंग हलत असेल तर ते ब्रेकच्या डिस्कचं दुखणं आहे, त्याचा या प्रकरणाशी संबंध कमी.

अलाइनमेंटबद्दल बोललंच पाहिजे, कारण दुकानात ती बॅलन्सिंगच्या जोडीनेच विकली जाते. अलाइनमेंट बिघडली तर गाडी एका बाजूला ओढते, स्टीयरिंग वाकडं राहतं, टायर एका कडेने झिजतात. वेगात थरथर होण्याचं कारण ती सहसा नसते. दगडावर चाक आदळलं असेल तर जरूर करून घ्या, पण थरथर जाईल या आशेने नको.

पुढचा ॲक्सल सलग दांड्याचा असलेल्या गाड्यांत, जुन्या एमएम 540 जीपपासून जिमनीपर्यंत, आणखी एक प्रकार संभवतो. खड्डा लागला की स्टीयरिंग एकाएकी डावी-उजवीकडे इतक्या जोराने फटके देतं की हात मोडेल असं वाटावं. टाय रॉडची टोकं, बुश, किंगपिनची बेअरिंग यांतला खेळ, आणि त्यात चाकाचा गेलेला तोल, असे दोघेतिघे एकत्र आले की हे घडतं. अशा वेळी जोरात ब्रेक मारू नये. पाय ॲक्सिलरेटरवरून काढून, स्टीयरिंगशी कुस्ती न खेळता गाडी हळूहळू मंद करावी. मग जॅकवर उचलून तपासणी: चाक घड्याळातल्या 12 आणि 6 च्या जागी धरून हलवायचं, नंतर 3 आणि 9 च्या जागी. पहिल्यात खेळ जाणवला तर बेअरिंग, किंगपिन किंवा बॉल जॉइंट. फक्त दुसऱ्यात जाणवला तर टाय रॉड. पहिल्यात कुणाला तरी ब्रेक दाबून ठेवायला सांगावं. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला तर तो बेअरिंगचा होता.

बेअरिंग आणि डिफरन्शियल यांची गोष्ट मात्र उशिरा उलगडते. तासभर धावून तापलेला हब किंवा ॲक्सल ओढ्याच्या गार पाण्यात बुडाला, की आतली हवा आक्रसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढून घेते. ॲक्सलला श्वास घेण्यासाठी एक बारीक नळी दिलेली असते, ती चिखलाने बुजली असेल तर हे हमखास होतं. त्या दिवशी काहीच कळत नाही. तीन-चार आठवड्यांनी घोंघों सुरू होते, एका बाजूला वळताना वाढते, दुसरीकडे कमी होते, आणि तोवर मालक चिखल विसरलेला असतो. पाण्यातून गाडी काढली असेल तर डिफरन्शियलचा प्लग उघडून ऑइल पाहून घ्या. ते दुधाळ दिसलं तर पाणी शिरलेलं आहे, आणि ते लगेच बदलायला हवं. आणि गॅरेजवाल्याने विचारलं तर वॉरंटीच्या धास्तीने "गाडी फक्त हायवेलाच चालते" असं सांगू नका. कुठल्या मातीत आणि किती पाण्यात घातली होती हे कळलं, तर त्याचा आणि तुमचा अर्धा दिवस वाचतो.